हेडलीचा आवाज

मंगळवारी सकाळी होनियारातल्या कुकुमच्या रस्त्यावर बस अडकली होती, आणि नेस्टाच्या शेजारी बसलेल्या माणसाच्या मांडीवरून तिचा नवरा बोलायला लागला. हेडलीला जाऊन चार वर्षं झाली होती. आवाज मात्र जसाच्या तसा होता. नारळाच्या पहिल्या दुधासारखा दाट, आणि प्रत्येक शब्दाच्या शेवटी थोडा रेंगाळणारा, जणू आपण काय बोललो ते आपल्यालाच पुन्हा एकदा ऐकायचं आहे. शब्द कळायच्या आधी नेस्टाची पाठ ताठ झाली. घराच्या पायरीवर त्याचं पाऊल वाजलं की व्हायची तशीच. मग तिचं तिलाच हसू आलं. माणूस गेला तरी पाठीच्या कण्याला अजून कुणी कळवलेलं नाही, असं तिच्या मनात आलं.

बेटांच्या या राजधानीचं इंटरनेट शनिवारपासून बंद होतं. समुद्राखालची केबल कुठेतरी तुटली म्हणे. होनियाराची माणसं फोनच्या काळ्या काचेत स्वतःचीच तोंडं बघत बसली होती, आणि नेस्टाला त्याचा पहिल्या दिवसापासून आनंद झाला होता. जमिनींच्या कचेरीत ती कागद लावायचं काम करायची. तिथल्या पोरी दर पाच मिनिटांनी फोन हलवून बघत होत्या, जणू नेटवर्क फळासारखं गळून पडेल. बघा आता एकमेकींकडे, ती मनात म्हणायची, बघा, केवढ्या कंटाळवाण्या आहात. शेजारचा माणूस मात्र सुखात होता. नखांत सिमेंट, ओठ सुपारीने लाल, आणि फोन असा धरलेला की अंड्याला जपावं. पडद्यावर बायबलची पानं सरकत होती आणि खालून हेडली डोंगरातल्या भाषेत वाचत होता. मलाइता बेटाच्या त्या उतारांवर जेमतेम सहा हजार माणसं ती भाषा बोलतात. एवढ्या मोठ्या शहरात ती याच बसमध्ये, याच बाकावर भेटावी!

"त्रास होतोय का, ताई? बंद करू?" माणसाने विचारलं.

"नको."

"तुम्हीही आमच्याच दिसता. वांतोक." एका भाषेची माणसं निघाली की तोंड फुटतं तसं त्याचं तोंड फुटलं. "हेडलीभाऊ आहेत हे. वारले बिचारे. देवमाणूस!"

"तुम्ही ओळखत होता?"

"ओळखायला कशाला पाहिजे? आवाजावरून कळतं की. असा आवाज वाईट माणसाला देव देईल का?" त्याने फोन तिच्यापुढे धरला. "तुम्हाला हवंय? ब्लूटूथ चालू करा, दोन मिनिटांत येईल. याला नेटवर्क लागत नाही, काही लागत नाही. एकदा आत आलं की आलं."

"माझा फोन जुना आहे," नेस्टा म्हणाली आणि दोन थांबे आधीच उतरली.

उन्हातून चालताना तिला वाटलं, निदान हे तरी खरं बोलला तो. एकदा आत आलं की आलं. बाजारात कसावा विकणाऱ्या बायकांच्या फोनमध्ये हेडली होता, धक्क्यावरच्या हमालांच्या फोनमध्ये होता, इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या उशाशी होता. जिवंत असताना एवढ्या बायकांच्या कमरेच्या पिशवीत शिरायला त्याला किती आवडलं असतं! तिच्या एकटीच्या फोनमध्ये तो नव्हता. तिला त्याची गरज नव्हती. त्यातला एकेक शब्द त्याच्या तोंडात जायच्या आधी तिच्या तोंडातून निघाला होता, आणि हे जगात चार माणसांना ठाऊक होतं. त्यातली दोन उरली होती.

आठ वर्षांपूर्वी मिशनचा सिल्व्हेस्टर बायबलचं वाचन मुद्रित करायची यंत्रं घेऊन डोंगरातल्या त्यांच्या गावात आला, तेव्हा चर्चच्या मंडळीने आवाजासाठी हेडलीला निवडलं. निवडणारच. प्रार्थनेत तो उभा राहिला की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प बसायची. पण हेडली तिसरीतून शाळा सोडलेला. अक्षरं त्याला दुरून ओळखीची वाटत, जवळ गेलं की तोंड फिरवीत. पहिल्या दिवशी तो पुस्तक हातात घेऊन बसला, कुणाचा तरी चष्मा नाकावर चढवला, आणि पंधरा मिनिटं घसा साफ करत राहिला. मग सिल्व्हेस्टरनेच हळूच विचारलं, "घरात कुणाला वाचता येतं का?" नेस्टा सातवीपर्यंत मिशनच्या शाळेत शिकलेली. शाळेच्या खोलीच्या भिंतींना गाद्या लावल्या होत्या, खिडकीत घोंगड्या कोंबल्या होत्या. आत भट्टी पेटल्यासारखं उकडायचं. ती त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची आणि एकेक वाक्य कुजबुजायची, मग तो तेच वाक्य अंगावर झूल चढवून बाहेर काढायचा. नंतर सिल्व्हेस्टर तिची कुजबुज कापून टाकायचा. त्याच्या पडद्यावर ती बारीक केसासारखी दिसायची, आणि हेडलीचं वाक्य म्हणजे डोंगर. बोटाच्या एका टोल्यात केस नाहीसा होई. एकेचाळीस दिवस तिने स्वतःला असं नाहीसं होताना पाहिलं. बाहेर कोंबडा आरवला की तो आवाज आत शिरायचा, आणि ते वाक्य पुन्हा. गावाला सांगितलं होतं की हेडली वाचतोय आणि बायको पाणी द्यायला आत बसलीय. बायका तिला म्हणायच्या, "नशीबवान गं बाई तू, नवरा वाचतो आणि तू आयती ऐकतेस!"

हेडली तिला रोज मारायचा असं नाही. मारकुटा म्हणून त्याचं नाव नव्हतं. त्याची रीत वेगळी होती. तो लोकांसमोर हसायचा. तिच्या चालण्याला, तिच्या दातांना, तिच्या भांड्यातल्या रताळ्याला. तेविसाव्या दिवशी मिशनचे पाहुणे जेवायला आले होते. रताळी आत थोडी कच्ची राहिली. हेडलीने एक उचललं, सगळ्यांना फिरवून दाखवलं आणि म्हणाला, "हिला अक्षरं शिजवता येतात हो, कंद नाही." पाहुण्यांना त्यातली मेख कळली नाही, तरी ते हसले. नेस्टाही हसली. तिथे बसलेल्या बाईने हसायचंच असतं. मग हात धुऊन ते दोघं गाद्यांच्या खोलीत गेले आणि तिने पुस्तक उघडलं. त्या दिवशीचा अध्याय घरसंसाराचा होता, नवऱ्यांनी कसं वागावं, बायकांनी कसं. बायकांनी नवऱ्याच्या आज्ञेत राहावं, त्याला धनी मानावं, अशा अर्थाचं ते वाक्य पुढे आलं. नेस्टाने पुस्तकाकडे बघत दोन शब्दांची अदलाबदल केली. नवऱ्यांनी बायकोच्या आज्ञेत राहावं, तिला धनी मानावं. एवढंच कुजबुजली. आणि हेडलीने, जेवून सुस्तावलेल्या, स्वतःच्या आवाजात बुडालेल्या हेडलीने, ते वाक्य असं काही म्हटलं की घोंगड्यांच्या मागच्या भिंतीही हलल्या असाव्यात. कोपऱ्यात मंडळीतले वडीलधारे झॅकरी, पुढे तेही वारले, पुस्तकाशी ताडून बघायला नेमलेले होते. ते डोळे मिटून बसले होते. प्रार्थना करत होते असं म्हणता आलं असतं, पण घोरताना कुणी प्रार्थना करत नाही. सिल्व्हेस्टरला भाषा येत नव्हती. त्याने अंगठा दाखवला. पुढचं वाक्य.

नेस्टाने वाट पाहिली. तिला काही पुण्य करायचं नव्हतं, कुणा बाईला वाचवायचं नव्हतं. तिला हेडलीचं हसं हवं होतं, तेही भोंग्यावरून, सगळ्या गावासमोर, डुकरं कापलेली असताना आणि पाहुणे पंगतीला बसलेले असताना. पण काम पुरं झाल्याच्या सोहळ्याच्या दिवशी भलतेच अध्याय वाजले. नंतर ते फोनमध्ये आलं, मेमरी कार्डांतून या खोऱ्यातून त्या खोऱ्यात गेलं, आणि एकाही माणसाने येऊन विचारलं नाही की हे काय. सहा हजार माणसं, आणि एकालाही ऐकू येत नव्हतं. त्यांना फक्त आवाज हवा होता. खाली पाणी वाहत असल्यासारखा हेडली वाहत असायचा, आणि वर हे सुपारी फोडत, पोरांना दटावत, डुलक्या घेत बसायचे. तेव्हापासून नेस्टाने माणसांना मनातून काढून टाकलं. आधी गावाला, मग मंडळीला, मग होनियाराला. हेडली गेला त्या दिवशी शवपेटीपाशीही त्याचाच आवाज लावला होता. लोक रडत होते. ती उभी होती आणि मोजत होती, किती जण खरंच ऐकतायत. एकही नाही. पेटीतला तर नाहीच.

गुरुवारी संध्याकाळी पाद्री जॅस्पर तिच्या घरी आला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बायबल शाळेतून शिकून आलेला. तो बोलताना डोकं एका बाजूला कलतं करायचा. दुःखितांशी असं बोलावं हे त्याला कुणीतरी शिकवलं असणार. बिस्किटांचा डबा त्याने दोन्ही हातांनी पुढे केला.

"काकी, ॲपची नवी आवृत्ती निघतेय. पहिल्याच पानावर काकांचा फोटो. खाली तुमच्या चार ओळी हव्यात. कसे होते, प्रार्थना कशी करायचे..."

"तोंड उघडं टाकून झोपायचे," नेस्टा म्हणाली.

जॅस्पर हसला. म्हाताऱ्या बायका गंमत करतात असं धरून चालणाऱ्यांचं ते हसू होतं. मग तो गंभीर झाला. "अजून एक आहे. नाजूक आहे जरा. एका अध्यायात घोटाळा निघालाय. छापलंय एक आणि काका म्हणतायत उलटंच. आमच्या एका विद्यार्थ्याने ताडून पाहिलं म्हणून, नाहीतर..." त्याने आवाज खाली आणला. "काका देवमाणूस होते, पण शेवटी माणूसच. थकले असतील. डोळा चुकला असेल."

"डोळा," नेस्टा म्हणाली.

तिला आत काहीतरी उड्या मारताना जाणवलं. आठ वर्षांनी! एका पोरट्या विद्यार्थ्याने, परीक्षेचे गुण मिळावेत म्हणून! आणि हसं तर नाहीच, उलट दया. हेडली मेल्यावरही हातातून निसटला होता. चूकसुद्धा त्याची धरली जात होती, आणि तीही थोर माणसाची चूक म्हणून.

"शनिवारी दुरुस्त करून टाकू," जॅस्पर सांगत होता. "मलाइताची बोट चारला सुटते. डोंगरात नेटवर्क नाही, म्हणून जाणाऱ्या सगळ्यांचे फोन मंडळीच्या सभागृहातच भरून देणार आहोत, जुनं काढून नवं. वाचायला आपला मोफट आहे ना, तुमच्या दिराचा मुलगा. आवाज अगदी काकांचा! फक्त शहरात वाढलाय, आपली भाषा वाचायला अडखळतो. तर काकी, तुम्ही नुसतं शेजारी बसायचं आणि हळू आवाजात सांगायचं. तो म्हणेल. तुमचं सांगणं नंतर कापता येतं."

नेस्टाने त्याच्याकडे पाहिलं. यात अपमान आहे हे त्याच्या डोक्यात शिरण्याची काही सोयच नव्हती. खिडकी नसलेल्या घरासारखं ते डोकं होतं, नीट झाडलेलं.

"येईन," ती म्हणाली.

येईन म्हणताना तिने ठरवून टाकलं होतं. शुक्रवारभर ती कचेरीतल्या फायली लावत वाक्यं जुळवत राहिली. या वेळी दोन शब्दांवर भागवायचं नाही. मोफटला काय, तोंडात कोंबलं ते तो म्हणेल. पाद्री पुस्तकात बोट ठेवून बसेल, पण त्याचं डोंगरातल्या भाषेचं ज्ञान शाळेतलं, सरळ आणि पातळ. तिथल्या बायका विहिरीवर वापरतात ते शब्द त्याला कुणी शिकवले असणार? वरून भक्तीचा वाटावा आणि खालून शिवी निघावी, असा एक शब्द तिला सापडला आणि फाईल हातात धरून ती एकटीच हसली. समोरच्या टेबलावरच्या पोरीने घाबरून वर पाहिलं. जाऊ दे तो त्या भोळसटांच्या फोनमध्ये, नेस्टा म्हणत होती, ऐका आयुष्यभर, मान डोलवा. नाहीतरी तुम्हाला कळत नाही. पण मधेच एकदा तिला थकवा आला. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी एवढी मेहनत मी का करतेय, असा एक विचार डोकावला आणि ती त्याला हुसकावून पुन्हा वाक्याकडे वळली.

शनिवारी सभागृहात गर्दी होती. बोटीने जाणारी माणसं तांदळाच्या गोण्या, पत्र्याच्या ट्रंका, बांधलेल्या कोंबड्या घेऊन भिंतीला टेकली होती. केबल अजून तुटलेलीच होती, पण इथे कुणाला फिकीर नव्हती. एका टेबलावर सिल्व्हेस्टर फोन घेऊन बसला होता. डोक्यावरचे केस पार गेले होते त्याचे. तिला बघून तो अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. त्याच्या नजरेत आठ वर्षांपूर्वीची कापाकापी होती, निदान नेस्टाला तसं वाटलं. आतल्या छोट्या खोलीत गाद्या लावून तयार होत्या. मोफट कानाला यंत्र लावून माइकपुढे खोकून बघत होता. तो खोकलासुद्धा हेडलीचा होता.

तेवढ्यात टेबलापाशी आवाज चढला. एक म्हातारी फोन छातीशी धरून उभी होती. हाडकुळी, ताठ, डोक्याला फडकं.

"आजी, जुनं काढून नवं घालायचंय. फुकट आहे," जॅस्पर सांगत होता.

"मला जुनंच बरंय."

"जुन्यात चूक आहे हो."

"असू दे. माझ्यातही आहेत, मला कुठे बदलून देतोस?"

भिंतीकडची माणसं हसली. जॅस्परने घाम पुसला आणि नेस्टाला पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. "आजी, या हेडलीकाकांच्या घरच्या. काकी, तुमच्याकडच्याच आहेत, जरा समजवा. सगळ्यांचं नवं आणि यांचं जुनं राहिलं तर वर जाऊन तेच पुन्हा एकमेकांना देत बसतील."

नेस्टा म्हातारीला घेऊन मागच्या पायऱ्यांवर बसली. समजवायची तिची मुळीच इच्छा नव्हती. म्हातारीचं नाव केझाया, हेडलीच्या गावापासून दोन डोंगर पलीकडची. डोळे दाखवायला शहरात आली होती. तिने सुपारी काढली, अर्धी नेस्टाला दिली, आणि फोन मांडीखाली ठेवून त्यावर बसली.

"का देत नाही?" नेस्टाने विचारलं, विचारायचं म्हणून.

"माझ्या लेकीसाठी." केझायाने चुना लावला. "जावई हात उचलायचा. रोज. एकदा तिचा कान फुटला. मी त्याच्या मामाला सांगितलं, मंडळीला सांगितलं. सगळे म्हणाले, बघू. मग हे फोनमध्ये आलं. तो हेडलीचा भक्त, उठताबसता हेडली. मी एक दिवस जेवताना तोच अध्याय लावला, घरसंसाराचा. ते वाक्य आलं तसा त्याचा घास हातात राहिला. म्हणाला, पुन्हा लाव. लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवशी मी फोनला हात लावला तर म्हणाला, म्हातारे, कळलं, पुरे."

"आणि?"

"आणि काय? संत नाही झाला. शिव्या देतो. भांडी आपटतो. पण हात नाही उचलत. सात वर्षं झाली. बाईच्या तोंडून आलं असतं तर थुंकला असता त्यावर. हेडली म्हणाला म्हणून." तिने लाल पिंक टाकली. "आता यांचं नवं त्याच्या कानावर गेलं की?"

नेस्टाच्या तोंडात सुपारी होती ती चावायची राहून गेली. उन्हात कुठेतरी कोंबडी फडफडत होती. तिला पहिल्यांदा जे वाटलं ते समाधान नव्हतं, राग होता. कुणाला विचारून ऐकलं हिने? ती जागा रिकामी आहे असं धरून नेस्टा इतकी वर्षं राहिली होती, त्या रिकामेपणावर तिने सगळं रचलं होतं, आणि तिथे ही बाई फडकं बांधून आरामात बसलेली निघाली.

"ते वाक्य पुस्तकात तसं नाही," ती कठोरपणे म्हणाली. "पुस्तकात उलटं आहे."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मला वाचता येतं गं. मी बरीच वर्षं शाळेत शिकवायचे, डोळे चांगले होते तेव्हा. तुझा हेडली तिसरीत तीन वर्षं बसला होता माझ्यासमोर." केझाया तिच्याकडे न बघता बोलत होती. "त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. तो पुस्तक वाचतोय असं ऐकलं तेव्हाच मी म्हटलं, याच्या मागे कुणीतरी बसलंय. आणि ते वाक्य ऐकलं तेव्हा कळलं की बाई बसलीय. त्याला कुठली एवढी अक्कल? तूच ना ती?"

"हो," नेस्टा म्हणाली. हा शब्द आठ वर्षांत तिने कुणापुढे उच्चारला नव्हता. तो अगदीच लहान निघाला. "पण मी काही तुमच्या लेकीसाठी केलं नाही. त्याचं हसं व्हावं म्हणून केलं."

"झालं का?"

"नाही. कुणी ऐकलंच नाही."

"मी ऐकलं. तुला काय, पत्र पाठवायला हवं होतं?" आता केझायाने तिच्याकडे पाहिलं. मोतीबिंदू झालेले ते राखाडी डोळे होते, आणि त्यांत दया नावाला नव्हती. "म्हणजे एवढी वर्षं तू रुसून बसलीस? कुणी हसलं नाही म्हणून? मी बोलले असते तर दुसऱ्या दिवशी त्यांनी बदललं असतं, म्हणून अजून गप्प आहे मी. आमच्या डोंगरात चार बायकांना ठाऊक आहे. चौघी गप्प आहेत. आणि तू बसलीस इथे शहरात, सगळी माणसं बहिरी म्हणत."

आतून जॅस्परने हाक मारली. "काकी, मोफट तयार आहे!"

नेस्टा उठली. पाय हलके झाले नव्हते, उलट जड झाले होते, पुष्कळ दिवस बसून राहिलेल्या माणसाचे होतात तसे. शुक्रवारी जुळवलेली वाक्यं तिने मनात चाचपून पाहिली. ती होती जागच्या जागी, आणि अगदी पोरकट होती. विहिरीवरच्या त्या शब्दाची तिला लाज वाटली. त्या चार बायकांनी तो ऐकला असता. त्यांना तो लगेच कळला असता, आणि त्या म्हणाल्या असत्या, बिघडली वाटतं ही.

खोलीत तीच भट्टी. जॅस्पर पुस्तकात बोट ठेवून बसला होता. शेजारी तिच्यासाठी बुटकं स्टूल ठेवलं होतं, मोफटच्या गुडघ्यापाशी.

"ऊठ," नेस्टा मोफटला म्हणाली.

"काय, काकी?"

"ऊठ तिथून. मी वाचते."

मोफट उठला. त्याला सुटल्यासारखंच वाटलं असावं. जॅस्पर कलतं डोकं सरळ करून म्हणाला, "अहो काकी, पण बाकी सगळं काकांच्या आवाजात आहे, मधेच एक अध्याय बाईच्या..."

"बाकीचं सगळं मीच वाचलंय. एकेचाळीस दिवस. तो नुसता बोलला. याला विचारा." तिने सिल्व्हेस्टरकडे हनुवटी केली. तो दारात येऊन उभा राहिला होता. जॅस्परने त्याच्याकडे पाहिलं. सिल्व्हेस्टरने आधी जमिनीकडे पाहिलं, मग मान हलवली, होय अशी, आणि येऊन यंत्रापुढे बसला. बोट सुटायला दोन तास होते, दुसरा वाचणारा नव्हता. जॅस्परने आपलं बोट पुन्हा पुस्तकावर ठेवलं.

नेस्टाने वाचायला सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं कुजबुजीतच निघाली, सवयीने. सिल्व्हेस्टरने हाताने खूण केली, मोठ्याने. मग तिने घसा मोकळा केला. स्वतःचा आवाज गाद्यांवर आपटून परत येताना तिने पहिल्यांदाच ऐकला. रुंद होता, थोडा खरखरीत, त्यात हेडलीची गोडी नव्हती. एकेक शब्द ती पुस्तकात होता तसाच ठेवत गेली. जॅस्परचं बोट समाधानाने सरकत होतं. मग ते वाक्य आलं. नेस्टा थांबली नाही. बायकांनी नवऱ्याच्या आज्ञेत राहावं, त्याला धनी मानावं, शब्दन् शब्द, कानामात्रेसकट. फक्त म्हटलं तिने ते बाजारात दुपारी तीन वाजता मासळीवाला 'ताजी आहे' म्हणतो, तेव्हा त्याचंच बोलणं बाई परत म्हणते तशा आवाजात. ताजी आहे म्हणे. 'धनी' या शब्दावर तिचा आवाज जरासा वर गेला आणि तिथेच, नाकापाशी, अर्धा क्षण रेंगाळला. मग ती पुढचं वाचू लागली.

संपल्यावर सिल्व्हेस्टरने ते सभागृहातल्या भोंग्यावर लावून तपासलं. भिंतीकडची माणसं ऐकत होती. ते वाक्य आलं तशी गोण्यांवर बसलेली एक बाई खुदकन हसली. मग दुसरी. पुरुष काय झालं म्हणून त्यांच्याकडे बघू लागले.

"शब्द बरोबर आहेत," जॅस्पर म्हणाला. त्याचा चेहरा मात्र दात दुखत असल्यासारखा झाला होता. "पण काकी, ते जरा..."

"काय?"

त्याने पुस्तकाकडे पाहिलं. तिथे काहीच सापडेना. "काही नाही."

नेस्टाने टेबलाची कड धरली. माणसं तिच्याकडे बघत होती. त्यांना मनातून काढून टाकायची तिची जुनी युक्ती तिने करून पाहिली, पण ती लागू पडेना. एकेक चेहरा तसाच समोर राहिला.

केझाया रांग मोडून पुढे आली आणि तिने फोन सिल्व्हेस्टरपुढे ठेवला.

"जुनं काढायचं नाही," ती म्हणाली. "हे त्याच्या खाली घाल. आणि वाचणारीचं नाव लिही. काय गं तुझं नाव?"